पाच आणि सतरा

नंदुरबारमध्ये मी ज्या घराच्या वरच्या खोलीत सात वर्षं भाड्याने राहिलो, त्या घराचे मालक कॉलेजातले निवृत्त प्राध्यापक होते. त्यांनी संख्याशास्त्र शिकवलं होतं. कॉलनीत त्यांना 'कितीपैकी सर' म्हणत. तोंडावर फक्त सर. नाव विद्यार्थ्यांनी ठेवलं होतं आणि निवृत्तीनंतर ते त्यांच्या मागोमाग कॉलनीत आलं.

कोणीही कशाबद्दलही वाढलं, घटलं, फार झालं असं म्हटलं की ते विचारत, "कितीपैकी?" न्हाव्याच्या दुकानात एकदा एक शेतकरी म्हणाला, "यंदा साप बहू निंघी ऱ्हायनात." त्याच्या शिवारात आठवड्याभरात तिघांना साप चावला होता. सरांनी विचारलं, गेल्या वर्षी याच आठवड्यात किती? यंदा शेतात जाणारी माणसं किती, गेल्या वर्षी किती? त्या माणसाच्या गालाला साबण लागलेला होता, त्यामुळे त्याला उठता येईना. त्याने सगळी उत्तरं दिली. पुढे तो दाढीला दुसऱ्या दुकानात जाऊ लागला.

सर मूळचे रनाळ्याचे. दूधवाल्याशी, भाजीवालीशी, घरी येणाऱ्या एखाद्या नातेवाइकाशी ते अहिराणीत बोलत. 'कितीपैकी' मात्र प्रमाण मराठीत येई. त्यामुळे गप्पा चालू असताना तो प्रश्न तपासणीला आलेल्या साहेबासारखा वाटे. चौकातल्या चहाच्या टपरीकडे ते येताना दिसले की बाकावरून कोणीतरी हळू आवाजात म्हणे, "चूप बठा रे, मास्तर उना." टपरीवाला मला एकदा म्हणाला, "मास्तरसंगे बोलनं म्हंजे परीक्षा देनं शे." सर उभ्याने चहा पीत, ग्लास ठेवत आणि परत येत. एकूण चार मिनिटं. बाकावरचं बोलणं त्यांना ऐकू जात होतं की नाही, ते मी कधी विचारलं नाही.

पत्नी मी तिथे जाण्याच्या आधीच वारल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. घरात तीन खोल्या होत्या आणि ते एका खोलीत राहत.

आकडेमोड ते लॉगची कोष्टकं वापरून करत. कोष्टकांची पुस्तिका कॉलेजातली, दोनदा शिवलेली. त्यांना नैसर्गिक लॉग लागे आणि पुस्तिकेत दहाच्या पायाचे लॉग होते, म्हणून प्रत्येक उत्तराला ते दोन पूर्णांक तीनशे तीन सहस्रांशांनी गुणत. मोबाइलमध्ये यासाठी बटण आहे, हे मी त्यांना दाखवलं होतं. बटण दाबलं की उत्तर येतं, ते म्हणाले. पुस्तक उघडलं की उत्तर साधारण केवढं असायला हवं ते आधी कळतं.

मी तेव्हा एका दैनिकाचा जिल्हा प्रतिनिधी होतो. दिवसाला तीन बातम्या द्यायच्या असत आणि त्यांतल्या एकीत तरी 'दुप्पट' किंवा 'तिप्पट' असे. सर पेपर वाचत आणि त्या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारून अंक जिन्यात ठेवत. पहिल्या वर्षी मला याचा राग आला. दुसऱ्या वर्षी मी खाली जाऊन विचारलं की नेमकं चुकतंय काय.

त्यांनी मला मिरचीवर समजावलं. शहराबाहेर मिरच्या वाळत घालायची मोकळी मैदानं आहेत, त्यांना पथारी म्हणतात. हंगामात ती मैदानं लांबून लाल दिसतात. समजा, ते म्हणाले, दोन पथाऱ्यांवरून सारख्या आकाराची एकेक पाटी उचलली. एकीत आठ मिरच्या सडक्या निघाल्या, दुसरीत बारा. दुसरी पथारी खराब आहे का?

मी म्हणालो, दीडपट आहे. त्यांनी मान हलवली, होकारार्थी नाही.

त्यांचं म्हणणं असं होतं. डोळ्यांसमोरच्या आकड्यांबद्दल नेहमी दोन गोष्टी सांगता येतात. पहिली गोष्ट: दोन्ही पथाऱ्या सारख्याच आहेत, वीस सडक्या मिरच्यांची वाटणी दहा-दहा व्हायला हवी होती, थोडं इकडेतिकडे झालं. दुसरी गोष्ट: पथाऱ्या वेगळ्या आहेत, आठ आणि बारा हीच त्यांची खरी पातळी. मग विचारायचं, पहिली गोष्ट खरी असती तर आठ-बारा असं घडणं कितपत शक्य होतं? आणि दुसरी खरी असती तर? या दोन शक्यतांचं गुणोत्तर घ्यायचं. गुणोत्तराचा लॉग घेतला की गुणाकाराच्या बेरजा होतात. हाताने करताना प्रत्येक आकड्याला त्याच्या अपेक्षित आकड्याने भागायचं, भागाकाराचा लॉग काढायचा, त्याला मूळ आकड्याने गुणायचं. सगळ्यांची बेरीज करायची आणि तिची दुप्पट.

दुप्पट कशासाठी, मी विचारलं.

"त्याशिवाय ते छापील कोष्टकाशी जुळत नाही. याहून सोपं उत्तर मला एकतीस वर्षांत देता आलेलं नाही."

आठ-बाराचं उत्तर शून्य पूर्णांक एक्याऐंशी आलं. हद्द तीन पूर्णांक चौऱ्याऐंशीची. दोनच आकड्यांची तुलना असेल तर त्याच्या खालचं उत्तर योगायोगाने सहज येऊ शकतं. त्याच्या वरचं, विसांत एखाद्या वेळीच. मग त्यांनी आठाच्या जागी ऐंशी घेतले आणि बाराच्या जागी एकशे वीस. प्रमाण तेच, दीडपट. उत्तर आठाच्या वर गेलं. "आठ-बारा रोज घडतं," ते म्हणाले. "ऐंशी-एकशेवीस उगाच घडत नाही. तुम्ही दोन्हीला दीडपटच लिहिणार."

त्यानंतर मी दुप्पट-तिप्पट लिहिण्याआधी खाली जाऊन विचारू लागलो. काही बातम्या त्यामुळे पडल्या. संपादकांनी एकदा फोनवर विचारलं की नंदुरबारमध्ये हल्ली काहीच वाढत का नाही.

सर सकाळी सात ते आठ ओट्यावर खुर्ची टाकून बसत आणि समोरून जाणाऱ्यांपैकी किती जणांनी नमस्कार केला, ते मोजत. हे मला तिसऱ्या वर्षी कळलं. निवृत्तीच्या आधीची एक मोजणी त्यांच्याकडे होती, नंतरची होती. जाणाऱ्यांची संख्याही होती. नमस्कार कमी झाले होते. त्यांनी कसोटी लावली. उत्तर दोनाच्या जरा वर आलं होतं.

म्हणजे कमी झालेले नाहीत, मी म्हणालो.

"कमी झालेत की नाहीत ते या आकड्यांवरून सांगता येत नाही. तुम्ही म्हणालात ते वेगळं वाक्य आहे."

पुढे त्यांनी ती मोजणी बंद केली. कारण सांगितलं नाही. खुर्ची मात्र रोज बाहेर येई.

ज्या प्रकरणासाठी मी हे लिहीत आहे, ते माझ्या तिथल्या पाचव्या पावसाळ्यातलं. अक्कलकुवा तालुक्याच्या डोंगरात एक आरोग्य उपकेंद्र आहे. गावाचं नाव इथे देत नाही. तिथे होळीनंतर एक नवी परिचारिका कंत्राटावर आली होती. कंत्राट सहा महिन्यांचं, काम बरं असेल तर मुदतवाढ. मला एकाने एक कागद आणून दिला. उपकेंद्राच्या हद्दीत दिवाळीनंतरच्या चार महिन्यांत दवाखान्यात न येता घरीच झालेली बाळंतपणं पाच. होळीनंतरच्या चार महिन्यांत सतरा. कागद देणाऱ्याचं म्हणणं होतं की नवी सिस्टर फिरत नाही.

कागद घेऊन मी खाली गेलो. सरांनी पाच आणि सतरा हे आकडे लिहून घेतले. मग त्यांनी विचारलं, "कितीपैकी?"

मी म्हणालो, उपकेंद्राची लोकसंख्या दोन्ही वेळा तीच आहे.

त्यांनी बावीसचे दोन सारखे भाग केले, अकरा आणि अकरा, आणि पुस्तिका उघडली. उत्तर सहा पूर्णांक ब्याण्णव आलं. त्यांनी ते दोनदा तपासलं. योगायोग म्हणून हे सोडून देता येणार नाही, ते म्हणाले. कारण काय ते मात्र हा आकडा सांगत नाही, हेही ते म्हणाले. मी पहिलं वाक्य बातमीत घेतलं. दुसऱ्यासाठी जागा नव्हती. 'नवी परिचारिका आल्यापासून घरच्या बाळंतपणांत तिपटीने वाढ. ही वाढ योगायोगाची नाही, असं एका निवृत्त संख्याशास्त्र प्राध्यापकांनी सांगितलं.' जिल्ह्यात असे एकच प्राध्यापक होते, असं नाही; पण पेपरात आकड्यांबद्दल बोलणारे म्हटल्यावर ते सरच, हे सगळ्यांना कळलं.

तीन आठवड्यांनी ती सिस्टर आली. दुपारी बारा-साडेबाराची वेळ होती. डोंगरातून खापर गावापर्यंत जीप आणि तिथून बस असा प्रवास करून आली होती. वय सव्वीस-सत्तावीस. नवापूरकडची, ख्रिस्ती शेतकरी घरातली, हे मला नंतर कळलं. चपला पायरीखाली काढून ती ओट्याच्या कडेला बसली. सर खुर्चीवर होते. मी जिन्यात उभा होतो आणि तिथेच थांबलो.

पेपरात ज्यांचं आलं ते सर तुम्हीच का, असं तिने विचारलं. सर हो म्हणाले.

"मी भांडायला नाही आली, सर. एक विचारायला आली. ते पाच लिहिले ना पेपरात, ते पाच कितीपैकी?"

त्यांचं टोपणनाव तिला माहीत नव्हतं. सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. लोकसंख्या दोन्ही वेळा तीच आहे, असं ते म्हणाले. माझं वाक्य त्यांनी जसंच्या तसं म्हटलं.

"कागदावर तीच आहे, सर. दिवाळी झाली की अर्धे लोक ऊस तोडायला गुजरातेत जातात. पोटुशी बाई पण जाते. बाळंत झाली तर तिथेच फडात होते. ती माझ्या रजिस्टरात कशी येणार? होळीला सगळे परत येतात. मी होळीनंतर लागली. मग माझ्या वेळेला सतरा दिसणारच ना."

ती पुढे म्हणाली की सतरापैकी बहुतेक घरी ती आधी जाऊन आली होती, पाड्यांना रस्ता नाही, नदीला पाणी होतं. तिची मुदत महिनाअखेरीस संपत होती. बातमीनंतर तिच्या फाइलवर 'काम असमाधानकारक' असा शेरा पडला होता. तो शेरा राहिला तर मुदतवाढ नव्हतीच, पण जिल्ह्यात दुसऱ्या कुठल्याही उपकेंद्रातही तिला कोणी घेणार नव्हतं.

होळीला सातपुड्यातला माणूस असेल तिथून घरी येतो, हे नंदुरबारमध्ये रिक्षावाल्यालाही ठाऊक आहे. होळीच्या आधीच्या आठवड्यात माणसांनी भरून येणाऱ्या ट्रकची बातमी दर वर्षी मीच देत असे. सरांनाही ते माहीत होतं. तरी त्यांनी त्यांचा प्रश्न विचारला होता आणि उत्तर मी दिलं होतं. ते त्यांनी तिला सांगितलं नाही.

ते आत गेले आणि पुस्तिका घेऊन आले. दिवाळीनंतर अर्धी माणसं धरली, तर बावीसची वाटणी अकरा-अकरा होत नाही. साडेसातच्या आत एकीकडे आणि साडेचौदाच्या वर दुसरीकडे होते. पाच आणि सतरा त्याच्यापासून फार लांब नाहीत. त्यांनी तिच्यासमोर गणित केलं. उत्तर एक पूर्णांक एकोणीस आलं.

"चूक माझी आहे," ते म्हणाले.

"मला आकडा नको, सर. साहेबांना सांगा."

सर दुसऱ्या दिवशी आरोग्य कार्यालयात गेले. मी सोबत होतो. अधिकारी सौम्य होते. त्यांनी चहा मागवला आणि विचारलं, "अर्धे गेले, हे कोणी मोजलं, सर? गावाच्या नोंदीत सगळे हजर आहेत. आधी तुम्हीच म्हणालात योगायोग नाही. आता म्हणता, असू शकतो. मी फाइलला लावू काय?" किती माणसं गेली त्याची मोजणी कोणी आणून दिली, तर शेऱ्याचा विचार करू, असंही ते म्हणाले. ते बोलण्यापुरतं म्हणाले असावेत.

बाहेर आल्यावर सर म्हणाले, "त्यांचा प्रश्न बरोबर आहे."

मी खुलासा पाठवला. तो आतल्या पानावर, छोट्या जाहिरातींच्या वर, चार ओळींत आला. महिनाअखेरीस सिस्टरला मुदतवाढ मिळाली नाही. सरांनी पुढचे दोन महिने ती मोजणी शोधण्यात घालवली. पंचायतीत नव्हती, शाळेत नव्हती, तालुक्याला नव्हती. मुकादम माणसं घेऊन जातात. त्यांच्याकडे कोयत्यांचा, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोड्यांचा, हिशेब असतो, गावांचा नसतो.

दिवाळीच्या पाडव्यानंतर दोन दिवसांनी त्यांनी खालच्या घराला कुलूप लावलं, किल्ली माझ्याकडे दिली आणि ते खापरच्या बसमध्ये बसले. तेव्हा ते सदुसष्ट वर्षांचे होते. सामानात एक वळकटी, स्टोव्ह आणि ती पुस्तिका. किती दिवस, मी विचारलं. होळीपर्यंत, ते म्हणाले.

पौषात मी एकदा गेलो. जीप सोडून दीड तास चालावं लागलं. शाळेच्या शिक्षकाने वापरात नसलेली एक खोली त्यांना दिली होती. उपकेंद्राला कुलूप होतं. हद्दीत सात पाडे होते, टेकड्यांवर विखुरलेले. सर रोज सकाळी एका पाड्यावर जात. सात दिवसांत एक फेरी. ज्या घरातून धूर निघतो ते घर भरलेलं, धूर नाही आणि दाराला काठी आडवी बांधलेली ते रिकामं. संशय असेल तिथे दारापर्यंत जाऊन हाक मारत. आतून कोणी म्हातारं ओ देई किंवा देत नसे.

मी त्यांच्यासोबत एका पाड्यावर फिरलो. थंडी होती. एका टेकडीवर अकरा घरं होती आणि धूर चार घरांतून निघत होता. सात घरांच्या दारांना काठ्या. एका दारासमोर उखळ उलटं घालून ठेवलेलं होतं, त्यात पानं साचू नयेत म्हणून. कुत्रीही नव्हती, ती माणसांबरोबर ट्रकमध्ये जातात, असं सरांनी सांगितलं. ते प्रत्येक घरासमोर थांबत, बघत आणि कागदावर रेघ मारत. दुसऱ्या टेकडीवर जायला पाऊण तास लागला.

तिथली बोली त्यांना येत नव्हती आणि तिथे राहिलेल्या म्हाताऱ्यांना मराठी येत नव्हती. बोटांवर काम चाले. शाळेजवळची एक म्हातारी रोज त्यांना दोन्ही हातांची बोटं दाखवून काहीतरी विचारायची. शिक्षकाने तिचं म्हणणं सांगितलं होतं: तिचे तिघे मुलगे गेलेत, तू मोजतोयस तर ते कधी येतील ते सांग. सरांनी तिला होळीपर्यंतचे दिवस बोटांवर दाखवायचा प्रयत्न केला. इतकी बोटं नव्हती.

संध्याकाळी एक म्हातारा खोलीबाहेर येऊन बसला. सर त्याच्याशेजारी बसले. अर्धा-पाऊण तास दोघे बसून होते. चौकातल्या टपरीवर सर इतका वेळ कधी थांबलेले मी पाहिले नव्हते.

निघताना त्यांनी विचारलं, सिस्टरचं काही कळलं का. मला कळलं होतं: ती सीमेपलीकडे गुजरातमधल्या एका खासगी रुग्णालयात लागली होती. तिथे ती राहते कुठे, सोबत कोणी आहे का, असं त्यांनी विचारलं. मला माहीत नव्हतं.

होळीच्या आदल्या आठवड्यात ट्रक आले. सरांनी शेवटची फेरी करून भरलेली घरं मोजली आणि ते खाली उतरले. त्यांचं वजन सहा-सात किलोंनी कमी झालं होतं. त्यांनी एक पान तयार केलं. सात पाड्यांची मिळून घरं चारशे बारा. होळीला सगळी उघडली होती. दिवाळीनंतरच्या फेऱ्यांत धूर निघणारी घरं, सरासरी, दोनशे नऊ. त्या प्रमाणात पाच आणि सतराची कसोटी: एक पूर्णांक सव्वीस. खाली त्यांनी लिहिलं की ही मोजणी यंदाच्या हिवाळ्याची आहे, बाळंतपणं गेल्या वर्षीची. गेल्या हिवाळ्याची मोजणी आता कोणालाही करता येणार नाही. हे वाक्य काढून टाका, मी म्हणालो. साहेब त्याच्यावरच बोट ठेवतील. सरांनी ते काढलं नाही.

अधिकाऱ्यांनी पान हातात घेतलं, शेवटचा आकडा पाहिला आणि पान उलटून मागे काही आहे का ते बघितलं.

"तुम्ही खरंच मोजत बसलात, सर?"

सर हो म्हणाले.

तळटीप अधिकाऱ्यांनी वाचली नाही. त्या आठवड्यात शेरा रद्द झाला. उपकेंद्राची जागा अजून रिकामीच होती. सिस्टरला नवापूरच्या पत्त्यावर पत्र गेलं की शेरा काढला आहे, इच्छा असल्यास रुजू व्हावं.

महिना गेला. उत्तर आलं नाही. तिचा नंबर माझ्याकडे होता. सरांनी स्वतः फोन करायला नकार दिला आणि मी काय बोलावं ते मला सांगितलं: चूक त्यांची होती, शेरा निघाला आहे, जागा आहे. एवढंच आणि याच क्रमाने.

मी जिन्यातून फोन केला. सर ओट्यावर होते. पलीकडे वॉर्डातला आवाज येत होता. मी तीन गोष्टी सांगितल्या. चूक सरांची होती, असं मी तिला सांगितलं. त्यांनी दिलेलं वाक्य मी बदललं नाही.

"कागद मिळाला," ती म्हणाली. "बरं झालं."

येणार का, मी विचारलं. नाही, ती म्हणाली, इथे लागली ना आता. मग मी माझ्या मनाने एक गोष्ट सांगितली, की सर सगळा हिवाळा तिच्या पाड्यांवर फिरत होते. तेवढ्यात तिला कोणीतरी हाक मारली.

"सरांना सांगा, कागद मिळाला."

मी खाली जाऊन सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं.

"आणखी काही म्हणाली?"

"नाही."

ते खुर्चीत थोडे मागे सरकले. समोरून कॉलनीतले दोघे जण गेले. त्यांतल्या एकाने हात वर केला आणि सरांनी तो पाहिला नाही.

"एका फोनवरून काही ठरवता येत नाही," ते म्हणाले. "कामात असेल."

मी हो म्हणालो. त्यानंतर मी त्या घरात आणखी सव्वा वर्ष राहिलो. तिचा फोन आला नाही. सरांनी मला ते कधी विचारलं नाही.